खाणे तेवढेच, तरी पाच वर्षांत ९ किलो वाढले: नेमके काय बदलले?

डोंबिवली_पूर्व:

नमस्कार. माझे वय ४४ आणि उंची १६८ सेंटिमीटर आहे. मार्च २०२० मध्ये माझे वजन ६७ किलो होते, आज ते ७६ आहे, आणि नाभीच्या पातळीवर मोजलेला कमरेचा घेर ९७ सेंटिमीटर भरतो. मी एका विमा कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. पूर्वी रोज घरापासून स्टेशनपर्यंत १८ मिनिटे चालत जाऊन ८:२३ ची लोकल पकडायची, सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या कार्यालयापर्यंत आणखी १५ मिनिटे चालायचे आणि संध्याकाळी हेच उलट्या क्रमाने करायचे, असा अठरा वर्षांचा परिपाठ होता. टाळेबंदीनंतर आमच्या विभागाला घरूनच काम करण्याची मुभा मिळाली आणि आता महिन्यातून एखाद्या दिवशीच कार्यालयात जावे लागते.

माझा प्रश्न असा आहे की माझ्या जेवणात काहीही बदल झालेला नाही. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात, रात्री पुन्हा तेच थोडे कमी. हॉटेलात आम्ही महिन्यातून एकदा जातो, मी मद्य घेत नाही, आणि उलट पूर्वी संध्याकाळी स्टेशनबाहेर आठवड्यातून दोनदा होणारा वडापाव आता पूर्ण बंद झाला आहे. मग हे ९ किलो आले कुठून? व्यायामशाळेचे सदस्यत्व घेतले होते, ते दीड महिना टिकले. कोणत्या सवयी बदलाव्यात आणि त्या टिकाव्यात कशा, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे, अशी विनंती आहे.

वाटीभर:

मी आहारतज्ज्ञ म्हणून सव्वीस वर्षे काम करून निवृत्त झाले आहे. तुमचे खाणे फारसे वाढलेले नाही हे मला पटते, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्ही स्वतःच लोकलच्या वेळेसकट लिहून ठेवले आहे.

आधी हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. ९ किलो पाच वर्षांवर वाटले, तर रोजची शिल्लक जेमतेम ४० कॅलरी येते, म्हणजे दोन चमचे साखर. हा आकडा पाहून लोकांना वाटते की दोन चमचे साखर सोडली की काम झाले. तसे होत नाही, कारण शरीर जड होत जाते तसा ते हलवण्याचा आणि चालवण्याचा खर्चही वाढत जातो. वजन एका किलोने जास्त राखायचे असेल, तर दीर्घकाळात रोज साधारण २४ कॅलरींचा फरक पडावा लागतो, असे या विषयावरचे गणित सांगते. ९ किलोंसाठी तो फरक रोज २०० कॅलरींच्या थोडा पुढे जातो.

आता तुमचे चालणे पाहा. १८ आणि १५ मिनिटे, दोन्ही वेळचे मिळून ६६ मिनिटे, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर. ६७ किलोंच्या माणसाला एवढे चालण्यासाठी, बसून राहण्यापेक्षा, अंदाजे २०० कॅलरी अधिक लागतात. त्यात पुलाचे जिने आणि ठाण्यापर्यंत उभ्याने केलेला प्रवास मी धरलेलाच नाही. तुम्ही अठरा वर्षे रोज व्यायाम करत होतात, फक्त त्याला व्यायाम म्हणत नव्हतात. तो थांबला आणि पान मात्र पूर्वीइतकेच वाढले जात राहिले. त्यामुळे ‘खाणे तेवढेच’ हे तुमचे म्हणणे खरे असूनही, तेवढे खाणे आता तुम्हाला जास्त होते आहे.

उरलेले उत्तर मात्र घरात शोधावे लागेल. तुम्ही तिन्ही वेळचे जेवण नीट लिहिले आहे, पण चहाचा उल्लेख कुठेही नाही, आणि डोंबिवलीत चहा न पिणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कार्यालयातल्या यंत्राचा कप बोटभर उंचीचा असतो. घरी आपण कान असलेला मोठा मग घेतो, त्यात दुप्पट चहा मावतो आणि साखरही त्याच मापाने पडते. असे पाच मग आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर ४५ ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांहून कमी आणि जमल्यास पाच टक्क्यांहून कमी असावी. २,००० कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम, आणि त्यात बिस्किटे, जॅम, श्रीखंड असे सगळेच आले.

दुसरी जागा म्हणजे फळीवरच्या बरण्या. काम करणारे टेबल आणि स्वयंपाकघर यांत आता दहा पावलांचे अंतर आहे. फोनवर बोलता बोलता त्या बाजूला जायचे, चिवड्याच्या डब्यात हात घालायचा, आणि परत यायचे. याला जेवणही म्हणता येत नाही आणि खाणेही, म्हणून ते कोणाच्या लक्षातच राहत नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे म्हणजे सुमारे ३० ग्रॅम आणि १७० कॅलरी. शेंगदाणे वाईट नाहीत, पण ते वाटीत मोजून, बसून खायची वस्तू आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात काहीही सोडायला सांगत नसे. दोनच गोष्टी करायला सांगत असे. एक, दिवसभराची साखर सकाळी एका छोट्या वाटीत काढून ठेवायची आणि चहाला त्या वाटीतलीच वापरायची. वाटी दुपारी तीनला रिकामी झाली की स्वतःलाच धक्का बसतो. दोन, जेवणाव्यतिरिक्त तोंडात गेलेला प्रत्येक घास दाराला अडकवलेल्या दिनदर्शिकेच्या चौकटीत एका काडीने नोंदवायचा. किती खाल्ले ते लिहायचे नाही, फक्त काडी. एका गृहस्थांच्या चौकटीत पहिल्या दिवशी चौदा काड्या होत्या आणि तेही ‘मी मधल्या वेळी काहीच खात नाही’ असेच सांगत आले होते.

गोदाकाठ:

वाटीभर ताईंनी साखरेचे सांगितले, मी तेलाचे सांगते, कारण आमच्या घरी खरा चोर तेलात सापडला.

आम्ही चौघे आहोत. पाच लिटरचा डबा येतो, त्यावर मी एकदा सहज म्हणून उघडल्याची तारीख मार्करने लिहिली. तो एकतिसाव्या दिवशी संपला. पाच लिटर तेलाचे वजन साडेचार किलोंहून थोडे अधिक भरते. चौघांत आणि एकतीस दिवसांत वाटले तर माणशी रोज ३६-३७ ग्रॅम, म्हणजे ३३० कॅलरी फक्त तेलाच्या, आणि त्यात तूप व दाण्याचे कूट आलेलेच नाही. आमच्याकडे कोणी तळकट खाणारे नाही, असे मी तोपर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

मग एवढे तेल जात कुठे होते? फोडणीला मी बरणीतून पळीने तेल घेत असे, आणि पळी भरून घेतली की तीन मोठे चमचे होतात. तेल कमी दिसले की भाजी खाली लागेल या भीतीने आणखी थोडे. घडीच्या पोळीला आत तेलाचे बोट, भाजताना कडेने थेंब, आणि वर तूप. एका पोळीला हे नगण्य वाटते, पण दिवसाला अठरा पोळ्या होतात. वांग्याची भाजी तर तेल पिऊनच शिजते.

मी पळी वरच्या कपाटात ठेवून दिली आणि बरणीत चहाचा चमचा टाकला. चौघांच्या भाजीला चार चमचे, आमटीला दोन, यापुढे नाही. कढई जाड बुडाची घेतली आणि भाजीवर झाकण ठेवून त्या झाकणात पाणी घालायची आजीची पद्धत पुन्हा सुरू केली, त्यामुळे भाजी वाफेवर शिजते आणि लागत नाही. आठवड्यातले पाच दिवस फुलके, शनिवार-रविवार घडीची पोळी. पहिले दहा दिवस यजमानांनी ‘हे आजाऱ्याचे जेवण आहे’ असा सूर लावला होता. त्यावर एक युक्ती सापडली: आमटीला फोडणी सुरुवातीला न घालता शेवटी वरून घालायची. तेल तेवढेच, पण ते वर दिसते, लसणाचा वास ताटापर्यंत येतो आणि तक्रार बंद होते. आता डबा पंचेचाळीस-शेहेचाळीस दिवस जातो.

आणखी एक सवय, ती मुख्यतः आम्हा बायकांची. पानात टाकू नये हे संस्कार लहानपणापासून असतात, त्यामुळे मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला दोन घास भात, वाटीभर उरलेली खीर, हे सगळे ओटा आवरताना उभ्या उभ्या पोटात जाते. मी कित्येक वर्षे जेवत होते एकदा आणि आवरताना पुन्हा थोडे. आता उरलेले लगेच डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी त्याची फोडणीची पोळी करते. (त्या फोडणीचे तेल कुठल्या हिशेबात धरायचे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.)

दोनच_वेळा:

एवढी वाटी-चमच्याची उठाठेव करण्यापेक्षा डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात त्याप्रमाणे दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि मध्ये काहीही खाऊ नये. मी आठ महिन्यांत ६ किलो उतरवले. चहा बिनसाखरेचा, बिनदुधाचा. काड्या मोजाव्या लागल्या नाहीत आणि तेलाचा डबाही मोजावा लागला नाही. भुकेची सवय असते, ती मोडता येते.

वाटीभर:

६ किलो उतरवलेत याचा आनंद आहे, आणि ज्याला नियम सरळ व कडक असला की पाळता येतो त्याच्यासाठी ही पद्धत सोयीची ठरते, हेही मी पाहिले आहे. माझ्या मते यातला मोठा भाग ‘मध्ये काहीही नाही’ या अटीचा आहे, कारण त्या एका अटीने चहातली साखर, बिस्किटे, चिवडा आणि पातेल्याचा तळ हे सगळे एकाच दिवशी थांबते. म्हणजे आपण एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी येतो आहोत.

पण दोन सूचना जोडते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवल्याशिवाय जेवणाच्या वेळा एकदम कमी करू नयेत, रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आणि जेवणे दोन झाली म्हणून प्रत्येक जेवण दुप्पट होत नाही ना, हे पाहावे. आपल्याकडे उपवासाचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. कोरडा साबुदाणा १०० ग्रॅमला सुमारे ३५० कॅलरी देतो आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. त्यात कूट आणि तूप पडले की खिचडीची एक बशी सहज ४०० कॅलरींपर्यंत जाते, शिवाय तासाभरात पुन्हा काहीतरी हवेसे वाटते ते वेगळेच.

आणखी एक गैरसमज रोज कानावर येतो, म्हणून इथेच लिहिते. पोळी सोडून भाकरी धरली की वजन आपोआप उतरते, असे नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात कॅलरींचा फरक नगण्य आहे. भाकरीचा फायदा असा की ती बिनतेलाची असते, चावून खावी लागते आणि एकीत पोट भरते. मात्र थापताना ती ताटाएवढी होत असेल, तर ती एक भाकरी नसून तीन-चार फुलके आहेत, हे लक्षात ठेवावे.

रातपाळी:

हिंजवडीत रात्रपाळी करतो, त्यामुळे माझा अनुभव वेगळा आहे. झोप पाच तासांची झाली त्या दिवशी मला गोड आणि तळलेलेच खावेसे वाटते, सात तासांची झाली की वाटत नाही, हे मी दोन महिने नोंदवून पाहिले आहे. पहाटे तीनच्या सुट्टीत उपाहारगृहात समोसे आणि नूडल्सच असतात. आता घरून मुगाची उसळ आणि ताक नेतो. मुख्य प्रश्नकर्त्यांनी रात्री किती वाजता जेवता आणि किती वाजता झोपता, हे लिहिलेले नाही. मालिका पाहत साडेदहाला जेवत असाल, तर तेही तपासावे. पडद्याकडे पाहताना तिसरी पोळी कधी वाढली गेली, ते कळत नाही.

अजिंक्यतारा:

मी साताऱ्यात जनरल प्रॅक्टिस करतो. सवयींबद्दल वर पुरेसे आले आहे, मी वैद्यकीय बाजूचे थोडेच लिहितो.

उंची व वजनावरून आपला बॉडी मास इंडेक्स आता २७ च्या जवळ आहे. भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला जातो. पाश्चात्त्य कोष्टकात हेच आकडे २५ आणि ३० असतात, त्यामुळे इंटरनेटवर पाहून निर्धास्त होऊ नये. त्याहून मला कंबर महत्त्वाची वाटते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठू लागली आहे असे समजून साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक असलो तरी आत चरबी बाळगतो, ती अशी. म्हणून ज्यांचे वजन वाढलेले नाही पण पट्ट्याचे भोक बदलले आहे, त्यांनीही हा धागा वाचावा.

वजनवाढीबरोबर थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे किंवा स्त्रियांत पाळीची अनियमितता असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. स्टेरॉइड, फिट्सवरची व मानसिक आजारांवरची काही औषधे आणि इन्सुलिन यांनीही वजन वाढते. अशी औषधे मनाने बंद मात्र कधीही करू नयेत, डॉक्टरांशी पर्यायाबद्दल बोलावे. रात्री मोठ्याने घोरणे आणि दिवसा डुलक्या येणे ही लक्षणे असतील तर झोपेत श्वास अडकतो का, ते पाहावे लागते. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे, चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात. सूर्यनमस्कार, उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, घरी जमेल ते चालेल.

डोंबिवली_पूर्व:

सर्वांचे मनापासून आभार. दहा आठवडे झाले, म्हणून काय केले ते लिहितो.

तपासण्या करून घेतल्या. थायरॉइड व्यवस्थित आहे, उपाशीपोटीची साखर १०८ आली, म्हणजे सावध राहण्याइतपत. काड्यांचा प्रयोग केला. पहिल्या दिवशी अकरा काड्या पडल्या, आणि त्यांतल्या सात दुपारी चार ते सहा या वेळातल्या होत्या, जेव्हा महिनाअखेरच्या ताळेबंदाचे काम असते. चिवड्याचा डबा आता माळ्यावर आहे. तो काढायला स्टूल लागते आणि स्टूल आणेपर्यंत इच्छा बहुतेक वेळा विरते. साखरेच्या वाटीचा प्रयोग मात्र माझ्या हातून बारगळला, कारण घरात चहा सर्वांचा एकत्र होतो. त्याऐवजी चहाचे मोठे मग काढून टाकले आणि बशीसकट जुने कप बाहेर काढले.

सर्वांत जास्त उपयोग एका साध्या गोष्टीचा झाला. व्यायामशाळा मला जमली नव्हती, पण स्टेशनला जाणे अठरा वर्षे जमले होते. म्हणून सकाळी आठ वाजता, पूर्वीसारखेच बूट घालून, मी स्टेशनपर्यंत चालत जातो, वृत्तपत्र विकत घेतो आणि लोकल न पकडता परत येतो. पहिल्या आठवड्यात वृत्तपत्रवाल्याने रोज ‘आज सुट्टी का साहेब?’ असे विचारले. आता तो विचारत नाही. रात्री साडेआठला जेवून सौभाग्यवतींसह शतपावली करतो, ती शंभर पावलांवर न थांबता वीस-पंचवीस मिनिटांची होते. पावसाच्या दोन आठवड्यांत दोन्ही चुकले आणि त्या काळात वजन हलले नाही.

७६ चे ७४.२ झाले आहे आणि घेर ९७ वरून ९४.५ वर आला आहे. अपेक्षेपेक्षा कमी आहे, पण पूर्वीच्या दीड महिन्याच्या व्यायामशाळेनंतर जसे सगळे परत आले होते, तसे अजून झालेले नाही. दुपारच्या तीन पोळ्यांच्या जागी दोन आणि उसळीची एक वाटी जास्त, हा बदल चार दिवसांत अंगवळणी पडला.

गोदाकाठ ताईंचे वाचून सौभाग्यवतींनी तेलाच्या डब्यावर तारीख लिहिली आहे. आम्ही तिघे आहोत आणि आज सव्विसावा दिवस आहे. डबा हलवून पाहिला तर निम्म्याहून कमी उरला आहे. संपला की इथेच कळवतो.

गोदाकाठ:

तिघांत सव्वीस दिवसांत निम्म्याहून जास्त म्हणजे आमच्या पहिल्या डब्याच्याच चालीने चालला आहे. आधी पळी शोधा.